दिल्ली ते दौलताबाद : दोन तास की चाळीस दिवस?

१/ शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतून जालना रस्त्याने शहराकडे येताना चिकलठाणा विमानतळ लागतो. तेथून दिल्ली सरळ रेषेत सुमारे ९८० किलोमीटर. थेट विमानाने साधारण दोन तास. याच अंतरापायी एक सुलतान इतिहासात ‘वेडा’ ठरला.

२/ १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकाने देवगिरीचे दौलताबाद करून तेथे राजधानी नेली. ‘तुघलकी कारभार’ असे आपण आजही सहज म्हणतो. माझ्या मते हा निवाडा निम्माच खरा आहे.

३/ इब्न बतूता हा प्रवास चाळीस दिवसांचा सांगतो. सरळ अंतराला ४० ने भागले तर दिवसाला सुमारे २५ किलोमीटर. घाट, वळणे, नद्यांचे उतार धरले तर तिसाच्या आसपास. म्हणजे सकाळी शेंद्र्याहून निघावे आणि संध्याकाळी दौलताबादच्या किल्ल्याच्या पायथ्याशी टेकावे, एवढी एक मजल. अशा चाळीस!

४/ मग सुलतानाला अंतर कळत नव्हते काय? उत्तम कळत होते. त्याच्या डाकेचे वर्णन इब्न बतूतानेच केले आहे. घोड्यांची डाक दर चार मैलांवर. पायी जासूदांच्या चौक्या एका मैलात तीन. जासूदाच्या हाती तांब्याची घुंगरे बांधलेली काठी असे. घुंगरांचा आवाज कानी पडताच पुढचा जासूद कंबर कसून उभा! सिंधहून दिल्लीला माणूस पन्नास दिवसांत पोहोचे, खबर पाच दिवसांत. सुलतानाच्या पिण्याचे गंगाजलही असेच दौलताबादेला येई.

५/ खबरेसाठी अंतर दहापट आटले होते. माणसांसाठी ते तसूभरही आटले नव्हते. सगळी दिल्ली ओस पडली, हे मला पटत नाही. बरनीची लेखणी सुलतानाबाबत कडवट आहे. निघाले ते मुख्यतः अमीर-उमराव, उलेमा, सूफी आणि त्यांचे कुटुंबकबिले. पण त्यांतही म्हातारे होते, तान्ही मुले होती.

६/ सुलतान दक्षिणेत असतानाच मुलतानला बहराम ऐबाने बंड केले. खबर वेळेत आली. फौजेला मात्र मजल-दरमजलच जावे लागले.

७/ म्हणून नुसते ‘दोन तास’ म्हणणेही मला डाकेचा हिशेब वाटतो. शेंद्र्यात कामाला आलेल्या उत्तरेकडच्या कामगाराला विचारा : सचखंड एक्स्प्रेसने त्याची दिल्ली अजून सुमारे एक अहोरात्र लांब आहे.

८/ पुढे काही वर्षांनी दिल्लीला परतण्याची मुभा मिळाली. सारेच परतले नाहीत. बुरहानुद्दीन गरीब आणि निजामुद्दीन औलियांची संभाषणे टिपून ठेवणारा कवी अमीर हसन सिजझी, दोघेही दिल्लीहून आलेले. दोघांच्या कबरी खुलताबादेत आहेत. दौलताबादचा किल्ला पाहायला गेलात, तर घाट चढून तेथवर जरूर जा.