सिंहासन गेले, अंकुश आला काय?

राजा पदच्युत झाला की लोकराज्य आपोआप अवतरते, असा एक भाबडा समज सर्वत्र रूढ आहे. मुकुट धुळीस मिळाला, राजवाड्यावरील निशाण उतरले आणि चौकाचौकांतून जयघोष झाला की क्रांती पूर्ण झाली, असे मानणाऱ्यांची संख्या कमी नाही. इतिहास मात्र या समजाला पाठिंबा देत नाही. राजे घालविणे हे काम अवघड खरेच. पण राजाच्या हाती असलेली निरंकुश सत्ता घालविणे हे त्याहून कितीतरी अवघड. पहिले काम एका रात्रीत होते, दुसऱ्यास पिढ्या लागतात. याचा पुरावा शोधण्यास गोमंतकीयांनी फार दूर जाण्याचे कारण नाही. ज्या देशाने आपल्यावर साडेचारशे वर्षे राज्य केले, त्या पोर्तुगालचा विसाव्या शतकातील इतिहास हाच या विषयावरील सर्वांत बोलका पाठ आहे.

५ ऑक्टोबर १९१० रोजी लिस्बनच्या नगरपालिकेच्या सज्जावरून प्रजासत्ताकाची घोषणा झाली आणि विशीतला तरुण राजा मानुएल दुसरा समुद्रमार्गे देश सोडून गेला. या घटनेमागील कारणे पाहण्यासारखी आहेत. त्याचा पिता राजा कार्लुश याच्या कारकीर्दीत पंतप्रधान जुआंव फ्रांकु यांनी १९०७ मध्ये पार्लमेंट विसर्जित करून वटहुकुमांनी कारभार चालविला. राजघराण्याने सरकारी खजिन्यातून वेळोवेळी उचललेल्या रकमांचा निकालही असाच वटहुकुमाने लावण्यात आला. प्रजेच्या पैशाचा हिशेब प्रजेच्या प्रतिनिधींना द्यावयाचा नाही, हा त्याचा सरळ अर्थ होता. १ फेब्रुवारी १९०८ रोजी राजा आणि युवराज या दोघांचीही भर रस्त्यात हत्या झाली. ते कृत्य निंद्यच होते. परंतु राजसत्ता तत्पूर्वीच लोकांच्या मनातून उतरली होती हे नाकारता येणार नाही.

गोमंतकातील हिंदू समाजाच्या दृष्टीने तो ऑक्टोबर महिना केवळ परदेशची वार्ता नव्हता. १८२६ च्या राजदत्त सनदेने कॅथलिक धर्म हाच राज्याचा धर्म ठरविला होता. इन्क्विझिशन १८१२ मध्ये कायमचे बंद झाले, तरी हिंदू हा आपल्याच भूमीत दुय्यम दर्जाचा प्रजाजन राहिला. प्रजासत्ताकाने २० एप्रिल १९११ च्या कायद्याने धर्मपीठ आणि राज्य यांची फारकत केली. धर्माच्या कारणास्तव नागरिकांत भेद करावयाचा नाही, हे तत्त्व राज्यकारभारात आले आणि हिंदूंना समान नागरिकत्वाचा लाभ झाला. सरकारी नोकऱ्यांची आणि शिक्षणाची दारे उघडली, संस्था उभ्या राहिल्या, मराठी वृत्तपत्रांना बहर आला. गोविंद पुंडलिक हेगडे देसाई यांचे ‘भारत’ १९१२ मध्ये निघाले ते याच नव्या वाऱ्यात. या समतेचा पुरस्कार करणाऱ्यांत लुईश द मिनेझिश ब्रागांझा यांच्यासारखे कॅथलिक समाजात जन्मलेले विचारवंत अग्रभागी होते, हेही कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे.

मग ही पहाट टिकली का नाही? कारण प्रजासत्ताकाने राजा घालविला, परंतु सत्तेला आवर घालणारी यंत्रणा त्याला नीट उभारता आली नाही. देशातील सुमारे तीन चतुर्थांश लोक निरक्षर होते आणि १९१३ च्या निवडणूक कायद्याने निरक्षरांना मतदानापासून वगळले. १९११ मध्ये कारोलिना बेआत्रिझ आंजेलु या विधवा डॉक्टर महिलेने कुटुंबप्रमुख या नात्याने मत दिले, तर पुढच्या कायद्यात मतदार ‘पुरुष’च असला पाहिजे, असे स्पष्ट लिहिण्यात आले! ज्या लोकांच्या नावाने राज्य चालवावयाचे, त्यांतील बहुसंख्यांना दाराबाहेर उभे करून चालविलेले ते लोकराज्य होते. अध्यक्षाला आरंभी पार्लमेंट विसर्जित करण्याचा अधिकार नव्हता. त्यामुळे पेच पडला की मतदाराकडे जाण्याऐवजी मंत्रिमंडळ पाडणे हाच मार्ग उरे. सोळा वर्षांच्या आत चाळीसहून अधिक मंत्रिमंडळे आली आणि गेली. लोक कंटाळले. २८ मे १९२६ रोजी लष्कर पुढे सरसावले, तेव्हा प्रजासत्ताकाच्या रक्षणार्थ फारसे कोणी उठले नाही.

पुढची कथा गोमंतकीयांना सांगावयास नको. १९२८ मध्ये सालाझार अर्थमंत्री झाले, ते तिजोरीच्या किल्ल्या निर्विवादपणे आपल्या हाती राहतील या अटीवर. १९३२ मध्ये ते पंतप्रधान झाले. १९३० च्या वसाहतविषयक कायद्याने वसाहती बाळगणे हे पोर्तुगीज राष्ट्राचे ऐतिहासिक कार्यच ठरविले. त्याच वर्षी पणजीच्या कौन्सिलात मिनेझिश ब्रागांझा यांनी, प्रत्येक समाजाला आपले भवितव्य ठरविण्याचा हक्क आहे आणि पोर्तुगीज हिंदुस्थानने तो सोडलेला नाही, असा ठराव मांडला. परंतु ज्या कौन्सिलाचा शब्द राज्यकर्त्यास बांधून घेऊ शकत नाही, त्या कौन्सिलाचा ठराव कागदावरच राहावयाचा. १९१० मध्ये मिळालेले हक्क लिस्बनहून आले होते; ते लिस्बनहूनच आखडते घेतले गेले. ध्यानात घ्यावयाची गोष्ट ही की, या सर्व काळात पोर्तुगाल नावाने प्रजासत्ताकच होते. राजा नव्हता, अध्यक्ष होता, घटना होती, निवडणुकाही होत. नव्हता तो फक्त अंकुश.

इंग्लंडची कथा याच्या उलट आहे. तेथे १६४९ मध्ये राजाचा शिरच्छेद झाला, पण पाठोपाठ क्रॉमवेलची लष्करी हुकमत आली आणि १६६० मध्ये राजघराणे परत गादीवर बसले. खरी क्रांती झाली ती १६८८-८९ मध्ये, आणि तीत राजेपद नष्टही झाले नाही. पार्लमेंटने नव्या राजा-राणीपुढे हक्कांची सनद ठेवली. पार्लमेंटच्या संमतीवाचून कायदा तहकूब करता येणार नाही, कर बसविता येणार नाही, शांततेच्या काळात खडे सैन्य बाळगता येणार नाही. १७०१ च्या कायद्याने न्यायाधीशांची आसनेही राजाच्या लहरीपासून सुरक्षित केली. फ्रान्सने १७८९ च्या जाहीरनाम्यात, जेथे हक्कांची हमी नाही आणि सत्तेची विभागणी नाही तेथे घटनाच नाही, असे निःसंदिग्ध बजावले. परंतु १७९२ मध्ये प्रजासत्ताक झालेल्या त्याच फ्रान्सने बारा वर्षांनी नेपोलियनला सम्राट केले. उच्चारलेले तत्त्व आणि अंगी मुरलेली संस्था यांत हे एवढे अंतर असते.

या सर्वांतून निघणारी कसोटी साधी आहे. कोणत्याही राज्यात तीन प्रश्न विचारावेत: तिजोरीची किल्ली कोणाच्या हाती? सत्ताधाऱ्यास नकोसा झालेला कायदा त्याला एकट्याला बाजूस सारता येतो काय? आणि त्याच्याविरुद्ध निकाल देणारा न्यायाधीश रात्री स्वस्थ झोपू शकतो काय? उत्तरे समाधानकारक असतील, तर गादीवर राजा असूनही लोकराज्य आहे. नसतील, तर अध्यक्ष असूनही राजेशाहीच आहे.

आपल्या देशाने ही कसोटी घटनेतच लिहून ठेवली, तरी तिचे पालन आपोआप झालेले नाही. १९७५ च्या आणीबाणीची आठवण पुरेशी आहे. त्याहून कमी चर्चिलेले उदाहरण बिहारचे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील प्राध्यापक डी. सी. वाधवा यांनी परिश्रमपूर्वक शोधून काढले की, १९६७ ते १९८१ या काळात त्या राज्यात २५६ वटहुकूम निघाले आणि त्यांतील काही पुन्हा पुन्हा जारी करून वर्षानुवर्षे जिवंत ठेवण्यात आले. विधानसभा होती, आमदार होते. कायदे मात्र त्यांना वगळून होत होते. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही घटनेशी केलेली प्रतारणा ठरविली. लिस्बनचे १९०७ आणि पाटण्याची ती वर्षे यांत तत्त्वतः अंतर किती?

आणि गोवा? निवडणुकीत एका चिन्हावर मते मागावयाची आणि नंतर झुंडीने दुसऱ्या गोटात जावयाचे, हा प्रकार येथे २०१९ मध्ये झाला आणि २०२२ मध्येही झाला. पक्षांतरबंदीच्या कायद्यात दोन तृतीयांशांची पळवाट आहे, हे खरे. परंतु मतदाराची संमती ही जर राज्याची एकमेव पायाभरणी असेल, तर त्या संमतीचा असा परस्पर व्यवहार करण्याचा अधिकार कोणास आहे? पूर्वी राजे आपली प्रजा आंदणात देत. मुंबई बेट १६६१ च्या तहाने असेच इंग्लंडच्या राजास दिले गेले. आज मतदारसंघच्या मतदारसंघ असे आंदण दिले जात असतील, तर बदलले ते काय?

पोर्तुगालला उमज पडली ती २५ एप्रिल १९७४ च्या क्रांतीनंतर. बरोबर एका वर्षाने घटनासमितीची निवडणूक झाली. या वेळी स्त्री-पुरुष, साक्षर-निरक्षर असा भेद नव्हता आणि नव्वद टक्क्यांहून अधिक मतदार मतदानास आले. १९७६ ची ती घटना अनेक दुरुस्त्यांसह आजही टिकून आहे. १९१० च्या क्रांतीत जे राहून गेले, ते साधण्यास त्या देशाला सहासष्ट वर्षे लागली आणि त्या विलंबाची किंमत लिस्बनइतकीच पणजी-मडगावनेही मोजली.

डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटनासमितीत इशारा दिला होता की, राजकारणातील व्यक्तिपूजा ही अधःपाताची आणि अंती हुकूमशाहीची वाट आहे. सिंहासन लाकडाचे असते, ते मोडता येते. मनातले सिंहासन मोडणे कठीण. विधानसभेचे अधिवेशन किती दिवस चालले, अंदाजपत्रकावर किती चर्चा झाली, आपल्या आमदाराने कोणता प्रश्न विचारला, एवढी चौकशी मतदाराने वर्षभर केली, तरी ते सिंहासन डळमळू लागेल. राजा घालविण्याचे काम आपल्या वाडवडिलांनी केले आहे. अंकुश हाती धरून ठेवण्याचे काम आपले आहे आणि ते पाच वर्षांतून एकदा करून भागणारे नाही.