यादीच्या आडचा संपादक

विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘केअर’ ही नियतकालिकांची संदर्भयादी बंद केल्याचे फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केले. त्यानंतर ‘आता लेख कोठे छापावयाचा?’ हा प्रश्न अध्यापकवर्गात जितक्या काकुळतीने विचारला गेला, तितक्या काकुळतीने ‘आता लेख वाचणार कोण?’ हा प्रश्न विचारला गेल्याचे दिसत नाही. वस्तुतः यादी अस्तित्वात असतानाही तो विचारावयास हवा होता. यादीने नियतकालिकाला प्रतिष्ठा दिली, लेखांचा ओघ दिला. संपादक दिला नाही. तो देणे यादीच्या हाती नव्हतेच.

आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी अध्यापकाची पदोन्नती गुणांकांना बांधली. २०१६ च्या विनियमांनी पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी एक शोधलेख प्रसिद्ध करणे सक्तीचे केले. मागणी अशी एकाएकी वाढल्यावर पुरवठादार उभे राहिले, यात नवल ते काय? २०१७ मध्ये आयोगाने मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी काढली आणि मे २०१८ मध्ये तीतून ४,३०५ नावे वगळली. त्याच वर्षी भूषण पटवर्धन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘करंट सायन्स’मध्ये या यादीची चिकित्सा केली. विद्यापीठांच्या सूचनेवरून यादीत आलेल्या, अन्यत्र सूचिबद्ध नसलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असावीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. सूचना विद्यापीठांच्या होत्या, म्हणजे पर्यायाने प्राध्यापकांच्याच होत्या, हे येथे विसरून चालणार नाही. पुढे २०१९ मध्ये ‘केअर’ आली, २०२२ मध्ये पीएच.डी.ची अट गेली, आणि अखेर ‘केअर’ही गेली.

१८६७ च्या मुद्रण व ग्रंथनोंदणी कायद्यात संपादकाची जी व्याख्या पुढे समाविष्ट झाली, ती वृत्तपत्रापुरती असली तरी तिच्या नेमकेपणाला तोड नाही: छापल्या जाणाऱ्या मजकुराच्या निवडीवर ज्याचे नियंत्रण असते तो संपादक. त्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२३ च्या कायद्याने शास्त्रीय व अकादमिक नियतकालिके आपल्या कक्षेबाहेर ठेवली आहेत. कायद्याची कक्षा नाही, आयोगाची यादी नाही. निवडीचा अधिकार आणि तिचे उत्तरदायित्व ही दोन्ही आता उघड्यावर आली आहेत, आणि नेमकी हीच स्थिती अनेक संपादकांना नकोशी वाटते.

‘लेखातील मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही’ हे वाक्य अंकाअंकांतून छापले जाते. मतांपुरते ते योग्यच आहे. परंतु चुकीचे अवतरण, कालविपर्यास, दुसऱ्याच्या प्रबंधातून उचललेली पाने हीसुद्धा ‘मते’ आहेत काय? या वाक्याच्या आड राहून जो प्रकाशनशुल्क आगाऊ घेतो, त्याने नकाराचा अधिकार त्याच क्षणी विकलेला असतो. त्याला संग्राहक म्हणता येईल. संपादक म्हणणे कठीण आहे.

‘तज्ज्ञपरीक्षण आहे ना?’ असा प्रतिप्रश्न यावर येतो. तो तपासून पाहण्यासाठी अहमदपूर येथील एखाद्या अध्यापकाची कल्पना करावी. लातूर आणि नांदेड यांच्यामधल्या वाटेवरचे हे तालुक्याचे गाव. भोवती मराठी वीरशैव परंपरा अद्याप नांदती आहे आणि मन्मथस्वामींच्या ‘परमरहस्या’ची पारायणे होतात. पारायणातील पाठ आणि छापील पाठ यांत पडणाऱ्या अंतराविषयी त्याने लेख लिहिला, तर तो कोणाकडे पाठवावयाचा? मराठी वीरशैव वाङ्मयाचे साक्षेपी अभ्यासक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. लेखकाचे नाव झाकले तरी त्यांतला प्रत्येक जण दुसऱ्या परिच्छेदात लेखक ओळखील, आणि परीक्षकाची भाषा पाहून लेखकही परीक्षकाला ओळखील. मराठीसारख्या लहान विद्याक्षेत्रात नावे झाकण्याचा हा उपचार निष्पक्षतेची हमी देऊ शकत नाही. परीक्षकाचा अभिप्राय स्नेहातून आला की जुन्या वैरातून, हे ओळखण्याचे काम अखेर संपादकालाच करावे लागते. त्यासाठी त्याने लेख स्वतः वाचलेला असला पाहिजे. कोणत्या मठातील कोणती पोथी पाहिली, पारायण प्रत्यक्ष ऐकले की सांगोवांगी घेतले, हे त्याने विचारले पाहिजे. आणि लेख परत करावयाचा झाल्यास कारणे लिहून परत केला पाहिजे. ग्रंथालयांपासून दूर असलेल्या अध्यापकाला असे सकारण पत्र कित्येकदा मार्गदर्शकाहून अधिक शिकवून जाते. त्याच्या वाट्याला मात्र बहुधा दोनच गोष्टी येतात: मौन, नाहीतर शुल्काची पावती.

संपादकाच्या हाती इतकी सत्ता दिल्यास ती एका अभिरुचीची मक्तेदारी होईल, हा आक्षेप मात्र हलका नाही. मराठीने ती मक्तेदारी अनुभवलेली आहे. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांची ‘सत्यकथा’ संपादनाच्या कसोशीसाठी जितकी वाखाणली गेली, तितकीच तिच्या मिटलेल्या दारांसाठी दूषणास पात्र ठरली. १९६९ मध्ये राजा ढाले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्या अंकाची होळी केली. परंतु त्या बंडाने संपादक नावाची संस्था मोडीत काढली नाही. लघुनियतकालिकांनी आपापले संपादक उभे केले. साठच्या दशकाच्या अखेरीस औरंगाबादेतून निघू लागलेल्या ‘अस्मितादर्श’मधून गंगाधर पानतावणे यांनी, ‘सत्यकथे’च्या वर्तुळाला अपरिचित असलेल्या कितीतरी लेखकांना दीर्घकाळ घडविले. एका संपादकाच्या संकुचितपणाला उत्तर मिळाले ते दुसऱ्या संपादकाकडून.

शिवाय ‘सत्यकथे’ची होळी करता आली, कारण तिथे निवड कोण करतो, कोणत्या निकषांवर करतो आणि ते कोठे भेटतात हे सर्वांना ठाऊक होते. आजच्या एखाद्या जाडजूड विशेषांकाच्या आतल्या पानावर संपादक मंडळाची पंचवीस-तीस नावे असतात. त्यांतल्या कित्येकांनी तो अंक उघडूनही पाहिलेला नसतो. त्यातील एखाद्या लेखावर कोणा विद्यार्थ्याला संतापावयाचे झाले, तर त्याने कोणाच्या दारात जावे?