पाटी माझ्याच नावाची

१ जुलैला आमच्या रोटरी क्लबाचा नवा अध्यक्ष गळ्यात कॉलर घालतो आणि त्याच रात्री मागचं वर्ष गुंडाळून कपाटात जातं. पदग्रहणाच्या जेवणात शेजारचा हमखास विचारतो, 'यंदा नवीन काय?' हे 'नवीन'च आमचं दुखणं आहे, असं मी आता मंगळवारच्या मीटिंगमध्ये उघड बोलतो. २६ वर्षं सभासद आहे, एवढा हक्क असावा.

गावात आम्हाला 'जेवणावळीचा क्लब' म्हणतात. ते मला झोंबत नाही. दर आठवड्याला घंटा वाजते, कुणी नातवाच्या बारशाचे शंभर रुपये हॅपी बॉक्समध्ये टाकतो, आणि डॉक्टर, वकील, बिल्डर अन् माझ्यासारखा पंप-मोटारवाला एका टेबलाशी बसतात. म्हणूनच रक्तदान शिबिराची जमवाजमव दोन फोनवर होते. जेवा की खुशाल.

माझी तक्रार वेगळी आहे, आणि ती माझ्यापासूनच सुरू होते. बारा वर्षांपूर्वी मी अध्यक्ष असताना तालुक्यातल्या एका शाळेला आम्ही पाणी शुद्ध करायचं आरओ यंत्र दिलं. मांडव, शाल-श्रीफळ, सगळ्यांना नाश्ता. भिंतीत काळ्या ग्रॅनाइटची पाटी, तीवर माझं नाव सोनेरी अक्षरांत. गेल्या डिसेंबरात त्या बाजूला एका बोअरची मोटार काढायला गेलो, म्हणून सहज शाळेत डोकावलो. यंत्राच्या स्टीलच्या कपाटात खराटे उभे केलेले. तोट्या कोरड्या. पोरं घरून बाटल्या आणत होती. बाईंनी मला ओळखलं नाही, ते बरंच झालं. म्हणाल्या, 'दोन वर्षं छान चाललं. मग थेंब थेंब यायला लागलं. सांगायचं कुणाला?'

मी झाकण काढलं. मेम्ब्रेन क्षाराने दगड झाली होती. आमच्याकडचं बोअरचं पाणीच तसं, रोजच्या पातेल्यालाही पांढरा थर धरतं. चार-साडेचार हजारांचं काम. उद्घाटनाच्या नाश्त्याला याहून जास्त गेले होते. मोटारी दुरुस्त करून पोट भरणाऱ्या माणसाला हे तेव्हा सुचलं नाही, याची लाज वाटते.

'अध्यक्ष दरवर्षी बदलतो, काय करणार?' ही सबब मला पटत नाही. रोटरीने १९८५ मध्ये पोलिओचं काम अंगावर घेतलं. अध्यक्ष तिथेही दरवर्षी बदलतच होते. वन्य विषाणूच्या पोलिओचा भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावडा जिल्ह्यात सापडला आणि देश पोलिओमुक्त झाल्याचा दाखला मार्च २०१४ मध्ये मिळाला. तोवर रविवारच्या बूथवर तेच दोन थेंब आणि बाळाच्या करंगळीला तीच शाई. बूथवर राबल्या अंगणवाडीच्या ताई आणि आरोग्य खात्याची माणसं, क्लबवाले जोडीला होते. पण कंटाळा कुणी केला नाही.

आमच्याच क्लबात असं एक काम आहे, फक्त त्याचा फोटो कधी छापून येत नाही. एक निवृत्त पोस्टमास्तर दर रविवारी सकाळी तासभर रुग्णसाहित्य केंद्र उघडतात. वॉकर, व्हीलचेअर, कमोडची खुर्ची, फाउलर बेड. पाचशे रुपये ठेव, वहीत सही, परत आणलं की ठेव परत. वॉकर परत आला की ते आधी उलटा करून चारी पायांचे रबरी बूट बघतात. झिजलेला बूट ओल्या फरशीवर घसरतो, आणि एकदा मोडलेलं खुब्याचं हाड पुन्हा मोडतं. बूट तीस-चाळीस रुपयांचा असतो. या माणसाला एकाही पदग्रहणात मानचिन्ह मिळालेलं नाही.

म्हणून मी लेखी ठराव दिला आहे. नव्या अध्यक्षाच्या अंदाजपत्रकात पहिली ओळ जुन्या कामांच्या दुरुस्तीची. जिथे जिथे आपली पाटी आहे, तिथे वर्षातून दोनदा कुणीतरी जायचं आणि पाटीखाली सर्व्हिसिंगची पुढची तारीख व फोन नंबर रंगवायचा. अध्यक्ष होऊ घातलेला पोरगा चांगला आहे, हुशार आहे. ऐकून घेतलं त्याने. मग हळूच म्हणाला, 'काका, पटतंय. पण याचं उद्घाटन कसं करायचं?'

सगळे हसले, मीही हसलो. ठराव पुढच्या मंगळवारवर गेला. मेम्ब्रेन मात्र मी दुकानातून खरेदीच्या भावाने काढून ठेवली आहे. शनिवारी शाळा सकाळची असते, तेव्हा जाऊन बसवून येईन.