खेळाचा तास परत द्या

लठ्ठपणा म्हणजे आळशीपणा, असे आपण सहज म्हणून टाकतो. दुसरीकडे 'खात्यापित्या घरचा' म्हणून त्याचे कौतुकही करतो. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशात १५ ते ४९ वयाच्या दर चार स्त्रियांमागे जवळपास एकीचे वजन जास्त आहे. पुरुषांचे प्रमाणही साधारण तेवढेच. त्यामागोमाग मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार येतात. इतके लोक एकाएकी आळशी झाले का?

मी शिक्षक आहे. अभ्यासक्रम मागे पडला की खेळाचा तास मीही मागून घेतला आहे. जागतिक आरोग्य संघटना मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे शारीरिक हालचाल हवी, असे सांगते. आमच्या मोहल्ल्यातली मुलगी सातवीनंतर खेळताना दिसत नाही. मुळात मैदानच कुठे आहे? चरबी, मीठ, साखर जास्त असलेले पदार्थ शाळेपासून ५० मीटरच्या आत विकू नयेत, असा केंद्राचा २०२० चा नियम आहे. तरी चिप्सचे पुडे फाटकावरच मिळतात.

डब्यात भाजी-भाकरी, इफ्तारला तळणाऐवजी फळे, एवढे घर करू शकते. मैदान देणे आणि नियम पाळायला लावणे शासनाचे काम. खेळाचा तास मात्र आम्हा शिक्षकांच्या हातात आहे. यंदापासून मी तो मागणार नाही. पालकांनो, तुमच्या मुलांच्या शाळेत तो खरेच होतो का, एकदा विचारा.