समुद्राचा रंग कोणी मोजायचा?

समुद्र निळा का दिसतो? आकाशाचं प्रतिबिंब पडतं म्हणून! हे उत्तर आपण सगळ्यांनी शाळेत कधी ना कधी ठोकून दिलेलं आहे. लॉर्ड रॅलेसारखा मोठा शास्त्रज्ञही तेच मानायचा. १९२१ मध्ये सी. व्ही. रामन 'नारकुंडा' नावाच्या बोटीने इंग्लंडहून परत येत होते. त्यांच्याकडे एक छोटासा निकोल प्रिझम होता. पाण्यावरून साधारण ५३ अंशांच्या कोनात परावर्तित होणारा प्रकाश ध्रुवीकृत असतो, म्हणजे त्याच्या लहरी एकाच दिशेत हलतात. (ध्रुवीकरण हा शब्द मला आधी फक्त राजकारणाच्या बातम्यांतून माहीत होता!) प्रिझम योग्य तेवढा फिरवला की हा प्रकाश अडतो. रामननी तो अडवला, आकाशाचं प्रतिबिंब गेलं, आणि समुद्र तरीही निळाच, उलट जास्तच गडद. म्हणजे रंग पाण्याच्या आतून येतो. २६ सप्टेंबरला मुंबई बंदरातूनच त्यांनी हे 'नेचर'ला लिहून पाठवलं. सायन्स डेला आपण इतकी पोस्टर्स लावतो, त्यात या प्रयोगाचं एकही मी पाहिलेलं नाही.

तीच ट्रिक आता अवकाशातून चालते. नासाचा 'पेस' उपग्रह ८ फेब्रुवारी २०२४ रोजी सुटला. समुद्राचा रंग बघणाऱ्या मुख्य उपकरणासोबत त्याच्यावर दोन पोलरीमीटर आहेत, अमेरिकन 'हार्प-२' आणि डच 'स्पेक्सवन'. त्यांची गरज काय? तर एवढ्या उंचीवरून बघताना कॅमेऱ्यात शिरणाऱ्या प्रकाशातला सुमारे नव्वद टक्के हवेतूनच आलेला असतो. पाण्यातून आलेला जेमतेम दहा टक्के, आणि आपल्याला हवे असतात ते हेच दहा. आधी हवेचा हिशेब वजा करायचा, मग उरलेल्यावरून क्लोरोफिल किती, म्हणजे पाण्यात सूक्ष्म वनस्पती किती, ते काढायचं. वजाबाकीत थोडं चुकलं की उत्तर पार बिघडतं.

आंजर्ल्यासमोरची हवा तर फारच मिक्स. अरबस्तानाकडून धूळ येते, हिवाळ्यात जमिनीवरून धूर आणि काजळी येते, आणि लाटांतून मीठ उडतच असतं. धूळ आणि काजळी निळा प्रकाश शोषतात. क्लोरोफिलही निळाच शोषतं. साधा कॅमेरा इथे फसतो. पण मिठाचा ओला कण गोल असतो, धुळीचा वेडावाकडा, आणि कोन बदलला की दोघांवरून विखुरलेल्या प्रकाशाचं ध्रुवीकरण वेगवेगळ्या तऱ्हेने बदलतं. हार्प-२ लाल रंगात एकाच जागेकडे ६० कोनांतून बघतो. त्यावरून कण केवढा, कसल्या आकाराचा, याचा अंदाज बांधता येतो.

आता आंजर्ल्याला याचं काय? खाडी ओलांडली की हर्णै बंदर. हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था पाण्याचं तापमान आणि क्लोरोफिल बघून मासे कुठे मिळण्याची शक्यता आहे ते मच्छीमारांना कळवते: किती अंतर, कुठली दिशा, किती खोली. त्या भरवशावर बोट गेली आणि जाळं रिकामं आलं, तर डिझेल बोटवाल्याचं जळतं, सॅटेलाइटचं नाही.

"असली उपकरणं नासाकडे, आपण काय करणार?" हे आपल्याकडचं ठरलेलं रडगाणं मला अजिबात पटत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये सुटलेला आपला ओशनसॅट-३ समुद्राचा रंग १३ बँडमध्ये आणि साडेतीनशे मीटरच्या आसपास इतक्या बारकाईने टिपतो. पेसचा मुख्य कॅमेरा एक किलोमीटरचा, आणि पोलरीमीटर तर त्याहून जाड. पण हवा काही दर साडेतीनशे मीटरला बदलत नाही! मग हवेची माहिती पेसकडून घ्या, रंगाचा बारकावा ओशनसॅटकडून. एक दुपारी बाराच्या सुमारास जातो, दुसरा एकच्या. पेसचा डेटा फुकट आहे.

खरी अडचण खाली आहे. इन्फ्रारेडमध्ये पाणी काळं दिसतं असं धरूनच ही वजाबाकी बहुतेक वेळा केली जाते. जोग नदीच्या मुखाशी गाळ आला की गढूळ पाणी इन्फ्रारेडमध्येही चमकतं, आणि कॉम्प्युटर त्याला हवा समजतो. तिथे कोणीतरी होडीत बसून पाणी मोजलंच पाहिजे. जानेवारी २०२२ मध्ये आंजर्ल्याच्या 'सावनी' कासवावर ट्रान्समीटर बसवला तेव्हाही उपग्रहाच्या आधी वाळूत माणसं लागलीच ना?

सेक्की डिस्क १८६५ पासून वापरात आहे. दोरीला बांधलेली पांढरी तबकडी. किती खोलीवर दिसेनाशी होते ते लिहायचं, बस. सोबत एलईडीचा घरगुती सनफोटोमीटर, पोलरॉइडचा तुकडा आणि क्लोरोफिल तपासायला पाण्याची बाटली. एका फायनल इयर प्रोजेक्टचा खर्च यापेक्षा जास्त होतो, आणि त्यातून निघतो पंधरावा पार्किंग सेन्सर. प्रोजेक्ट कुठल्या ब्रँचचा, यावर वाद होईल, होऊ दे. पण कोळी लोकांना "माहिती देणारे" म्हणून मागे बसवू नका. पाण्याचा रंग ते रोज बघतात, तेव्हा नोंदवहीत त्यांचाही कॉलम हवा, आणि निकाल आधी त्यांना सांगायला हवेत.

पावसाळ्यात ढगांमुळे वरून काही दिसत नाही आणि होड्याही किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. म्हणजे ऑक्टोबर ते मे हातात आहेत. नेमक्या त्याच काळात आपल्या दोन्ही सेमिस्टरच्या परीक्षा येतात, ही अडचण मात्र मला मान्य आहे.