पट मोजून छत दुरुस्त होत नाही

वडसा तालुक्यातील मायबापहो, शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांनो,

25 जुलै 2025 रोजी राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदी गावी सरकारी शाळेचं छत कोसळलं आणि सात लेकरं गेली. वरून खडे पडताहेत असं मुलांनी आधीच सांगितलं होतं, ही बातमीही आपण वाचली. परराज्यातली गोष्ट म्हणून कुणी खांदे उडवत असेल, तर त्याने निंबोडी आठवावी. तेव्हाच्या अहमदनगरजवळच्या त्या गावात 7 ऑगस्ट 2017 रोजी जिल्हा परिषदेच्या शाळेचं छत पडलं, तीन विद्यार्थी दगावले. दोन्ही घटना भर पावसाळ्यातल्या. याच दिवसांत आपण बांधीत रोवणीला वाकलेलो असतो, पोरगं शाळेत आहे, सुखरूप आहे, या भरवशावर.

शाळा सुरक्षित हवी हे तुम्हाला सांगायला नको. हे पत्रक एकाच गोष्टीविरुद्ध आहे: डोकी मोजून शाळेला पैसा देण्याची पद्धत.

समग्र शिक्षा योजनेतलं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं. पट 30 पर्यंत असेल तर वर्षाला 10,000 रुपये. महिन्याचे झाले 833. एवढ्यात वीजबिल, खडू, स्वच्छता, पाण्याची सोय आणि वर इमारतीची देखभाल! पट हजाराच्या वर गेला की एक लाख. मग 22 मुलांच्या शाळेवर पाऊस कमी पडतो काय? वडसा आणि ब्रह्मपुरीच्या मधला वैनगंगेवरचा रेल्वेपूल गाडीत किती प्रवासी बसले ते मोजून कुणी तपासत नाही. मोठ्या दुरुस्तीचा निधी वेगळा असतो, हे मान्य. पण त्या रांगेतही पहिला प्रश्न हाच येतो: पट किती?

छत काही एका रात्रीत पडत नाही. गच्चीवरच्या पन्हाळीत पाला अडकतो, पाणी साचतं, फटीत पिंपळाचं रोप धरतं. पाणी सळईपर्यंत पोचलं की लोखंड गंजतं, गंजलं की फुगतं आणि खालचं काँक्रीट फोडून काढतं. आधी तांबूस डाग, मग पोपडे, मग उघडी सळई. कौलारू शाळेत माकडं कौलं फोडतात, ओल लाकडात उतरते, मागोमाग वाळवी येते. यातली प्रत्येक पायरी जमिनीवर उभं राहून दिसते. पन्हाळ साफ करणं काही शेकड्यांचं काम. सळई उघडी पडेपर्यंत थांबलं की तेच लाखांवर जातं. पटावर बेतलेलं अनुदान पहिल्या पायरीला पुरत नाही आणि शेवटच्या पायरीला कामाचं नाही.

मग काय होतं? मुख्याध्यापक अर्ज लिहितात. अर्ज केंद्रप्रमुखांकडून पंचायत समितीत जातो, तिथून बांधकामाकडे. खोली ‘धोकादायक’ ठरते, निर्लेखनाचा प्रस्ताव होतो आणि चार वर्ग एका व्हरांड्यात किंवा समाजमंदिरात भरू लागतात. खोली पाडण्याचा कागद आणि नवी बांधण्याचा पैसा एकाच आदेशात का येत नाहीत? कारण पहिला निर्णय इमारत पाहून होतो, दुसरा पट पाहून.

कायदा काय म्हणतो तेही बघा. कुंभकोणमला 2004 साली शाळेच्या आगीत 94 मुलं जळून मेली. त्या प्रकरणातून उभ्या राहिलेल्या याचिकेवर 13 एप्रिल 2009 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क येतो. त्याच वर्षीच्या शिक्षण हक्क कायद्याने सर्व ऋतूंत टिकणारी इमारत हा निकष घातला आणि जुन्या शाळांना तीन वर्षं दिली. ती मुदत 31 मार्च 2013 ला संपली. खासगी शाळेला निकष पाळल्याशिवाय मान्यता नाही. सरकारच्या आणि स्थानिक संस्थांच्या शाळांना मात्र कलम 18 मधल्या त्या मान्यतेतूनच सूट! म्हणजे ज्यांची पोरं फी भरू शकत नाहीत, त्यांच्या छताला दाखला लागत नाही. याची चीड येत नसेल त्याने हे पत्रक खाली ठेवावं.

आता नेहमीचे आक्षेप. ‘एवढ्या कमी पोरांसाठी खर्च कशाला, दुसऱ्या शाळेत पाठवा.’ पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी, हा नियम आहे. सहा वर्षांच्या पोरीला नाला ओलांडून जंगलवाटेने पाठवा म्हणणाऱ्याने आधी स्वतः ती वाट जुलैत चालून दाखवावी. ‘लोकवर्गणी काढा.’ गावाने रंग दिला, पंखे दिले, श्रमदान केलं. स्लॅब वर्गणीतून उभा करायचा तर कर कशाचा भरतो? ‘पैसा नाही.’ याच जिल्ह्यात सुरजागडचं लोखंड निघतं आणि खाणींकडून जिल्हा खनिज प्रतिष्ठानात निधी जमा होतो. त्या निधीच्या नियमांत शिक्षण अग्रक्रमाच्या यादीत आहे.

एक आक्षेप मात्र प्रामाणिक आहे. अनुदान सुरक्षेशी जोडलं तर पडक्या शाळेचंच अनुदान बंद होईल, अशी भीती काही शिक्षकांना वाटते. तशी जोडणी आम्हाला नकोच. इमारत जितकी वाईट, तितका तिचा निधीवरचा हक्क आधी; आमची जोडणी ही अशी आहे. शिक्षा व्हायची तर अहवाल दाबून ठेवणाऱ्याला व्हावी, वर्गातल्या मुलांना नाही.

विदर्भात शाळा जूनच्या शेवटाकडे उघडतात. तोवर मे महिना पूर्ण हातात असतो. म्हणून येत्या 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव घ्या: दरवर्षी मे महिन्यात अभियंत्याने प्रत्येक खोली तपासावी, सहीचा अहवाल शाळेच्या फाटकावर लावावा, दुरुस्तीच्या निधीचा क्रम त्या अहवालावरूनच ठरावा, पटावरून नाही, आणि खोलीला कुलूप लावण्याच्या आदेशातच पर्यायी वर्गाची तरतूद असावी. वडसा शहरातल्या पालकांनी हाच ठराव व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मांडावा. ठरावाची नक्कल पंचायत समितीत किंवा नगरपरिषदेत द्या, पोच घ्या आणि ती पोच जपून ठेवा.