दहा सेंटांचे नाणे

अमेरिकेच्या प्रचलित नाण्यांत आकाराने सर्वांत लहान नाणे कोणते, असे कोणी विचारले तर आपण सहज म्हणू की एक सेंटचे. परंतु तसे नाही. दहा सेंटांचे नाणे एक सेंटच्या नाण्याहूनही लहान असते. तेथील लोक त्यास ‘डाइम’ म्हणतात. वजन सुमारे सव्वादोन ग्रॅम. खिशाला भोक असेल तर पहिले गळून पडायचे ते हेच. १९५० च्या सुमारास डॉलरचा भाव पावणेपाच रुपये होता, तेव्हा आपल्या हिशेबाने ह्या एवढ्याशा नाण्याचे साडेसात आण्यांहून थोडे अधिक होत असत. ह्या नाण्याच्या मागे मागे गेले असता त्या काळच्या अमेरिकेतील घर, बाजार, करमणूक आणि अन्यायही कसा दृष्टीस पडतो, ते आज वाचकांपुढे ठेवावयाचे आहे.

त्या दिवसांची गोष्ट निघाली की, ‘केवढी ही स्वस्ताई!’ असा उद्गार बहुधा ऐकू येतो. तो अर्धाच खरा आहे. १९५० साली तेथे रतलभर पाव चौदा सेंटांना मिळे. गवळी दारात ठेवून जाई ती दुधाची बाटली, म्हणजे लिटरला थोडे कमी, सुमारे वीस सेंटांना पडे. पेट्रोल गॅलनला सत्तावीस सेंट. अंडी मात्र डझनास साठ सेंट. आता मजुरीकडे पाहा. त्या वर्षी कायद्याने ठरविलेले किमान वेतन तासाला पाऊण डॉलर होते. म्हणजे हातावर पोट असलेल्या माणसाने डझनभर अंडी घ्यावयाची तर त्याला पाऊण तासाहून अधिक राबावे लागे. मधल्या फळीतील कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न सुमारे ३,३०० डॉलर, आणि टेलिव्हिजनचा एक संच दोनशे डॉलरांच्या आसपास. तीन आठवड्यांची सबंध मिळकत त्या पेटीत गेली! नुसता भाव सांगून भागत नाही. तो देणाऱ्याच्या हाती दिवसाकाठी काय पडत होते हेही सांगावे लागते. १९५० चे दहा सेंट म्हणजे आजचे सुमारे सव्वा डॉलर, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुढील हकीकत नीट समजेल.

दहा सेंटांत काय येई? चित्रकथांचे एक रंगीत पुस्तक येई, आणि शनिवारी सकाळी मुले त्यासाठी दुकानापुढे गर्दी करीत. (ह्या पुस्तकांनी मुले बिघडतात की काय, ह्याची चौकशी १९५४ साली तेथील सिनेटच्या समितीने केली होती. पालकांची ही तक्रार कोणत्याही काळी जुनी होत नाही.) सार्वजनिक दूरध्वनीवरून एक वेळ बोलता येई, पूर्वी त्यास पाच सेंट पुरत. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचे भाडे १९४८ साली पाचाचे दहा सेंट झाले व १९५३ मध्ये पंधरा. कोका-कोलाचा लहान पेला वा बाटली मात्र १८८६ पासून जवळजवळ सत्तर वर्षे पाच सेंटांनाच मिळत राहिली. त्याचे एक कारण मोठे गमतीचे आहे. बाटली देणाऱ्या यंत्रात पाच सेंटांचे एकच नाणे चाले, आणि त्यापुढचे नाणे घ्यावे तर किंमत एकदम दुप्पट. शेवटी कंपनीच्या प्रमुखाने १९५३ साली राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर ह्यांच्याकडे साडेसात सेंटांचे नवे नाणे पाडण्याची गळ घातली. सरकारने काही ते पाडले नाही.

करमणुकीचा काळ मात्र झपाट्याने पालटला. १९५० साली शंभर घरांपैकी नऊ घरी टेलिव्हिजन होता. १९६० साली तो सत्त्याऐंशी घरी पोहोचला. १९ जानेवारी १९५३ च्या रात्री ‘आय लव्ह लुसी’ ह्या विनोदी मालिकेतील नायिकेला मूल झाले, आणि ते पाहण्यास सुमारे ४ कोटी ४० लाख माणसे बसली होती. दुसऱ्या दिवशी आयझेनहॉवर ह्यांचा शपथविधी झाला, त्यास तेवढे प्रेक्षक लाभले नाहीत. ह्या मालिकेत ‘गरोदर’ हा शब्द उच्चारावयाचा नाही असा दंडक होता, आणि प्रसंग सभ्य आहेत ना हे पाहण्यासाठी एक कॅथलिक धर्मगुरू, एक प्रॉटेस्टंट पाळक व एक यहुदी रब्बी अशा तिघांना संहिता दाखविली जाई. त्याच काळात, १९५२ च्या फेब्रुवारीपासून, बिशप फुल्टन शीन हे मंगळवारी रात्री एका फळ्यापुढे उभे राहून, हाती कागद न घेता, अर्धा तास बोलत असत. समोरच्या वाहिनीवर त्याच वेळी मिल्टन बर्ल हा त्या वेळचा सर्वांत लोकप्रिय विदूषक. तरीही बिशपांना लक्षावधी श्रोते मिळाले, व पुढच्याच वर्षी टेलिव्हिजनचे मानाचे एमी पारितोषिकही. श्रोत्यांत कॅथलिक नसलेले पुष्कळ होते.

असो. आपले नाणे बाजूला राहिले.

ह्या नाण्यावर १९४६ पासून राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट ह्यांचा मुखवटा आहे. त्यांना ह्याच नाण्यावर स्थान का मिळाले, ह्यास सबळ कारण आहे. १९२१ साली, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, त्यांना पोलिओ झाला व पाय कायमचे गेले. १९३८ साली त्यांनी पोलिओच्या निवारणासाठी एक राष्ट्रीय संस्था स्थापिली. एडी कँटर नावाच्या नटाने नभोवाणीवरून आवाहन केले की प्रत्येकाने एकेक डाइम थेट राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी पाठवावा. पत्रांची पोती येऊन पडली. टपाल खात्याचे लोक मेटाकुटीस आले. मोजदाद झाली तेव्हा नाणी भरली २६ लाख ८० हजार, म्हणजे २ लाख ६८ हजार डॉलर. एकाही धनिकाच्या मोठ्या देणगीची वाट न पाहता ही रक्कम जमली होती.

पोलिओचा उन्हाळा म्हणजे काय, हे त्या काळच्या अमेरिकन मातांनाच ठाऊक. जून उजाडला की पोहण्याचे तलाव बंद, चित्रपटगृहे ओस, मुलांना घराबाहेर पडण्याची बंदी. सकाळी डोके दुखते म्हणणारे मूल संध्याकाळी पाय हलवू शकत नसे. ज्यांच्या छातीचे स्नायू निकामी होत, त्यांना मान तेवढी बाहेर ठेवून लोखंडी नळकांड्यात निजवावे लागे. ते यंत्र त्यांच्यासाठी श्वास घेई. १९५२ साली सुमारे ५८,००० जणांना हा आजार झाला व ३,००० हून अधिक दगावले. म्हणून १९५० पासून जानेवारी महिन्यातील एका संध्याकाळी माता घरोघर फिरून वर्गणी गोळा करू लागल्या. ज्या घरी देणगी तयार असे त्या घराच्या ओसरीवरचा दिवा लावून ठेवावयाचा, अशी खूण ठरलेली होती. हाक मारावयास नको, की कोणाचा नकार ऐकावयास नको.

ह्याच नाण्यांवर डॉ. जोनस सॉल्क ह्यांचे संशोधन पोसले गेले. १९५४ च्या वसंतात जवळजवळ १८ लाख शाळकरी मुलांनी लसीच्या चाचणीत भाग घेतला. त्यांतील अनेक मुलांच्या बाबतीत, कोणाला लस टोचली आहे व कोणाला नुसता औषधहीन द्रव, हे त्यांना, पालकांना व टोचणाऱ्या डॉक्टरांनाही ठाऊक नव्हते. १२ एप्रिल १९५५ रोजी अॅन आर्बर येथे निकाल जाहीर झाला. त्या दिवशी गावोगावी चर्चच्या घंटा वाजल्या. काही आठवड्यांतच एका प्रयोगशाळेच्या लसीत जिवंत विषाणू राहून गेल्याचे आढळले, काही मुले पंगू झाली, काही मृत्यू पावली. लसीकरण थांबवून, तपासणी कडक करून ते पुन्हा सुरू करावे लागले. पुढे डॉ. अल्बर्ट सेबिन ह्यांची तोंडाने घ्यावयाची लस आली. १९९५ पासून आपल्या गावच्या शाळेत वा समाजमंदिरात रविवारी मांडलेल्या टेबलापाशी आपल्या नातवंडांच्या जिभेवर जे दोन थेंब पडत आले, ते त्याच लसीचे. भारतात ह्या आजाराचा शेवटचा नैसर्गिक रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्याकडे आढळला, आणि २०१४ साली आपला देश पोलिओमुक्त ठरला.

येथवरचा भाग वाचून मन प्रसन्न होते. परंतु त्याच नाण्याची दुसरी बाजूही आहे. रूझवेल्ट जेथे उपचार घेत त्या जॉर्जियातील वॉर्म स्प्रिंग्ज येथे कृष्णवर्णीय मुलांना प्रवेश नव्हता. त्यांच्याही आईबापांनी डाइम दिले होतेच. टीका होऊ लागली तेव्हा संस्थेने १९४१ साली अलाबामा राज्यात टस्कीगी येथे त्यांच्यासाठी वेगळे रुग्णालय काढून दिले. रुग्णालय चांगले होते. पण वेगळे होते.

टस्कीगीहून मोटारीने तासाभराच्या आत माँटगोमेरी शहर येते. तेथे शहर-बसचे भाडे होते दहा सेंट. कृष्णवर्णीय प्रवाशाने पुढच्या दाराने चढून आपला डाइम पेटीत टाकावयाचा. आणि मग, चालकाची लहर फिरली तर, खाली उतरून मागच्या दाराने पुन्हा चढावयाचे. कित्येकदा तो मागच्या दारापाशी पोहोचण्यापूर्वीच बस निघून जाई. नाणे पेटीत, माणूस रस्त्यावर! १ डिसेंबर १९५५ रोजी शिवणकाम करणाऱ्या रोझा पार्क्स ह्यांनी एका गोऱ्या उतारूसाठी जागा सोडण्यास नकार दिला व त्यांना अटक झाली. ५ डिसेंबरपासून त्या समाजाने बसवर पाय ठेवला नाही. त्यांचे पुढारी म्हणून निवडले गेलेले पाळक मार्टिन ल्यूथर किंग तेव्हा अवघे सव्वीस वर्षांचे होते.

बसच्या उतारूंपैकी सुमारे तीन-चतुर्थांश हेच लोक. त्यांतल्या बहुसंख्य स्त्रिया गोऱ्यांच्या घरी धुणे-स्वयंपाक करीत. वर ज्या किमान वेतनाचा उल्लेख केला तो कायदा घरकाम करणाऱ्यांना लागूच नव्हता. तो १९७४ मध्ये लागू झाला. म्हणजे ज्यांना डाइम सर्वांत जड जाई, त्यांनीच तो रोखून धरला. प्रारंभी कृष्णवर्णीय टॅक्सीवाल्यांनी दहा सेंटांतच माणसे नेण्यास सुरुवात केली. तेव्हा शहराने जुना नियम पुढे केला की टॅक्सीचे भाडे पंचेचाळीस सेंटांहून कमी घेता येणार नाही. मग शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मोटारी आल्या. जॉर्जिया गिलमोर नावाची एक स्वयंपाकीण होती. ती व तिच्या मैत्रिणी कोंबडीचे सँडविच, रताळ्याचे पाय, केक करून विकत, आणि आठवड्याची जमा मोटारींच्या पेट्रोलसाठी देत. पैसे कोठून आले असे विचारले तर उत्तर ठरलेले: कोठूनच नाही. त्यांच्या मंडळाचे नावही तेच होते, ‘कोठूनच नाही’ मंडळ. कारण देणाऱ्यांची नावे कळली असती तर त्यांची कामे गेली असती. खुद्द गिलमोरबाईंचे काम गेलेच. तिने घरीच चूल मांडली, आणि पुढे किंग स्वतः पाहुण्यांना घेऊन तिच्या स्वयंपाकघरात जेवावयास येऊ लागले.

बस कंपनीने तोट्यामुळे भाडे दहाचे पंधरा सेंट केले. उपयोग झाला नाही. ३८१ दिवसांनी, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर, डिसेंबर १९५६ मध्ये ते लोक पुन्हा बसमध्ये चढले. ह्या वेळी पुढच्या दाराने, व बसले वाटेल तेथे.

पुढे १ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबोरो येथे चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वुलवर्थच्या दुकानात गेले. ह्या दुकानांना लोक ‘पाच-दहा सेंटांची दुकाने’ म्हणत, कारण पूर्वी तेथील एकही वस्तू दहा सेंटांहून महाग नसे. मुलांनी टूथपेस्ट वगैरे किरकोळ वस्तू घेतल्या, पावती घेतली, आणि उपाहाराच्या बाकावर बसून कॉफी मागितली. दुकानाने त्यांचे पैसे एका ठिकाणी घेतले आणि दहा पावलांवर घेण्यास नकार दिला. मुले दुकान बंद होईपर्यंत बसून राहिली. दुसऱ्या दिवशी आणखी आली. जुलैअखेर तो बाक सर्वांना खुला झाला.

ह्याच वर्षांत अमेरिकेतील कॅथलिक शाळांतून मुले मिशनमधील बालकांसाठी नाणी जमवीत. पाच डॉलर भरले, म्हणजे पन्नास डाइम झाले, की वर्गाने एक ‘मूल’ घेतले असे मानीत व त्याचे नाव काय ठेवावयाचे ते वर्ग ठरवी. अशी मुले भारत, चीन व आफ्रिका येथील समजली जात. त्या चिमुकल्यांच्या मनातील दया खरी होती, ह्यात शंका नाही. पण दूर देशी एखाद्या आईने आपल्या लेकराचे नाव आधीच ठेवले असेल, हे कोणी त्यांना सांगितले असते तर बरे झाले असते.

१९६५ साली चांदी महागल्यामुळे डाइममधील चांदी काढून टाकण्यात आली. त्यापूर्वीच्या नाण्यात शंभरास नव्वद भाग चांदी असे, आणि नुसत्या त्या चांदीची किंमत आज दहा सेंटांच्या कित्येक पट आहे. लोकांनी जुनी नाणी भराभर दडवून ठेवली. परदेशी नोकरी करून आलेल्या एखाद्या काकांच्या ट्रंकेत असे नाणे आढळले तर त्याची कड पाहावी. कडेला तांबूस रेघ दिसली तर ते नंतरचे. कड सगळी पांढरी असेल व साल १९६४ वा त्यापूर्वीचे असेल, तर ते जपून ठेवावे.